आधी तुम्ही

१

रोवेना पेल्कीनं सकाळी सायकल बाहेर काढतानाच ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. चर्चच्या मागच्या पटांगणात सगळे जमतील, आर्मांड थर्मासमधली कॉफी ओतेल, डॉट कोणाच्या तरी टायरला नावं ठेवेल, आणि मग एका दमात बोलायचं. घर विकलंय. बर्फ पडायच्या आत ॲरिझोनाला जातेय, मुलीकडे. कायमची.

कॉफी ओतून झाली, पिऊन झाली. डॉटनं नवऱ्याच्या, म्हणजे मर्लच्या टायरला नावं ठेवून झाली. मर्लनं उभा जन्म दुधाचा टँकर चालवला होता. त्याला बोलायची सवय नव्हती आणि डॉटच्या संसारात ती लागण्याचा धोकाही नव्हता. रोवेनानं तोंड उघडलं आणि म्हणाली, "हवा काय छान पडलीय आज." एवढंच. पुढं जी मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

घर विकायचा निर्णय तसा तिचा नव्हताच. लॉरेल फोनवर म्हणाली, आई, आता एकटी नको राहूस. रोवेना म्हणाली, बरं. तिचा स्वभावच तसा. तिनं गावातल्या शाळेची बस चालवली, आणि ती बस रस्त्यावर दिसली की समोरचे गाडीवाले निर्धास्त असत, कारण रोवेना वाट देणारच. निवृत्त झाली तेव्हा तिला पाठीवर चंदेरी पट्टा असलेलं पिवळं जाकीट मिळालं होतं. सायकलवर ती तेच घालत असे.

दर ऑक्टोबरात, पानांचे रंग बघायला येणाऱ्या पाहुण्यांची गर्दी ओसरली की हे चौघं टॅनर नदीच्या काठाकाठानं निघत आणि तिच्यावरचे छपराचे तीन पूल पार करून घरी येत. पूल लाकडी, शंभर वर्षांपलीकडचे; वर पत्र्याचं छप्पर, दोन्ही अंगांना फळ्यांच्या भिंती. गवताचं कोठार उचलून नदीवर आडवं टाकावं तसे दिसायचे. घाई कसली नसायची. दुपारी नदीकाठी जेवायचं, उन्हं कलायच्या आत परतायचं.

पूल अरुंद. एका वेळी एकच गाडी जाईल एवढीच वाट, आणि बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की डोळ्यांपुढं अंधारी. म्हणून आत शिरण्याआधी घंटी वाजवायची. आतून उत्तर आलं तर कडेला थांबायचं आणि आतल्याला आधी येऊ द्यायचं. तो येतो, हात वर करून आभार मानतो, मग आपण जायचं. या खोऱ्यात दोन भाऊ कोर्टात भांडत असले तरी पुलावर एकमेकांना हात करतातच.

चौघांत घंटी वाजवायचा मान रोवेनाचा. तिची घंटी जुनी, दणकट, आणि एकदा आपटल्यामुळे जराशी बिघडलेली. आधी खणखणीत टर्रर्र, मग क्षणभर काही नाही, आणि मग मागं राहिलेला एक बारीकसा टिंग. घंटी वाजवून ती कडेला व्हायची, बाकीच्यांना पुढं घालायची आणि शेवटी स्वतः निघायची. पोरांना रस्ता ओलांडून देतानाची ही सवय.

"हिनं लग्नातसुद्धा पाद्र्याला म्हटलं असणार, आधी तुम्ही," डॉट म्हणायची.

२

पहिला पूल गिरणीचा. गिरणी कधीच गेली, नाव राहिलं. उतारावरून चौघं तोंडाशी येऊन थांबले. रोवेनानं घंटी वाजवली.

आतून उत्तर आलं.

चौघांनीही ऐकलं आणि शिरस्त्याप्रमाणे सायकली कडेला घेतल्या. नदीला पाणी कमी होतं, त्यामुळे सगळं शांत होतं. आतून कोणी येईना. डॉटनं मान वाकडी करून आत डोकावलं. पलीकडच्या तोंडाशी उजेडाचा चौकोन होता आणि त्यात कोणीही नव्हतं.

"प्रतिध्वनी गं," डॉट म्हणाली. "तुझीच घंटी तुला उत्तर देतेय. आता काय स्वतःलाही वाट देणार आहेस?"

आर्मांड हसला. मर्लसुद्धा किंचित हसल्यासारखा झाला. रोवेनाही हसली, कारण उत्तरातही तो मागं राहिलेला टिंग होता, म्हणजे प्रतिध्वनीच असणार. फक्त इतकी वर्षं या पुलात तिनं घंटी वाजवली होती आणि पुलानं कधी तोंड उघडलं नव्हतं. पण यंदा पाऊस कमी झाला, लाकूड वाळलं असेल. वाळलेल्या लाकडाचं काही सांगता येत नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं.

तिघं आत गेले. त्यांच्या चाकांखाली फळ्या खडखडल्या. मग ती गेली, तिच्याही चाकांखाली खडखडल्या. पलीकडे सगळे पाय टेकून उभे होते. डॉट पाण्याची बाटली उघडत होती. रोवेना त्यांच्याजवळ जाऊन थांबली आणि तिच्या मागं फळ्या पुन्हा एकदा खडखडत आल्या, अगदी कडेपर्यंत, आणि थांबल्या.

तिनं वळून पाहिलं. पुलाच्या तोंडाशी वाळकी पानं पडलेली होती, बाकी काही नाही. फळ्या आपापल्या जागी बसतात, त्याला वेळ लागतो. ही गोष्ट मर्लला विचारता आली असती, त्याला लाकडातलं कळायचं. तिनं विचारली नाही.

३

दुसऱ्या पुलाचं नावच लांब पूल. तिन्हीत हाच तिच्या आवडीचा. शाळेची बस या पुलात मावायची नाही, त्यामुळे नोकरीत असताना तिला रोज लांबचा वळसा पडायचा, आणि सुट्टीच्या दिवशी त्यातून सायकल घालताना तिला शाळा बुडवल्याचा आनंद व्हायचा.

ती तोंडाशी आली. अंगठा घंटीच्या खटक्यावर ठेवला. अजून दाबला नव्हता.

घंटी वाजली. टर्रर्र. मग मागून टिंग.

"चला," मर्ल म्हणाला आणि आत शिरला. त्याच्यामागं डॉट, आणि मग आर्मांड. त्यांच्या लेखी नेहमीसारखंच झालं होतं, रोवेनानं घंटी वाजवली आणि आतून काही उत्तर आलं नाही. रोवेना मात्र आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. प्रतिध्वनी मागून येतो, एवढं तिला कळत होतं. पण अंगठा खटक्यावर होता, तो आपोआप दाबला गेला असेल. या वयात हात आपल्याला विचारून थोडंच काही करतात? हे पटण्याजोगं होतं, आणि तिनं ते पटवून घेतलं.

आत थंडावा होता. भिंतीच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा आडव्या पडल्या होत्या आणि त्यांत धूळ तरंगत होती. जुन्या गवताचा वास. तुळयांवर पाकोळ्यांची रिकामी घरटी. घोडे पळवू नका, चालवत न्या, असं सांगणारी पाटी अजून होती. कोणी कोणावर प्रेम केलं त्याची कोरलेली नावं होती, त्यातली निम्मी माणसं आता चर्चमागच्या दफनभूमीत होती. रोवेना सावकाश चालली. मध्यावर आली तेव्हा पुढं अंधारात आर्मांड कोणाशी तरी बोलत होता. शब्द कळत नव्हते. एका बाईनं त्याला काहीतरी उत्तर दिलं, आणि तो हसला. किती दिवसांनी तो असा पोटातून हसला होता. रोवेनाला बरं वाटलं. डॉटनं काहीतरी चावट सांगितलं असणार.

ती बाहेर आली तर डॉट आणि मर्ल पार खालच्या कुरणाच्या फाटकाशी पोचले होते. आर्मांड एकटाच सायकल हातात धरून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून गेलं नव्हतं.

४

जेवण नदीकाठच्या सपाट खडकावर. पाव, जुनं तिखट चीज, सफरचंदं, आणि सफरचंदाच्या रसातले डोनट. ते आर्मांडनं पहाटे उठून तळले होते. आर्मांडची बायको जाऊन आता बरेच हिवाळे झाले होते. त्याच्याकडे मेपलची राई होती, आणि मार्चमध्ये झाडांतून गोड रस उतरायला लागला की तो उकळून पाक करायच्या खोपीत दिवसरात्र भट्टी पेटती ठेवावी लागे. एका माणसाचं ते काम नव्हे. बायको होती तेव्हा ती करायची. ती गेल्यावर रोवेना जायला लागली. आधी शेजारधर्म म्हणून, आणि नंतर का, ते दोघांनीही कधी विचारलं नव्हतं.

डॉट आणि मर्ल पाण्यात पाय सोडून बसले होते. आर्मांडनं तिच्यापुढं डोनट धरला आणि खाली बघत म्हणाला, "बरं वाटलं मला. पुलात म्हणालीस ते."

"काय म्हणाले मी?"

"आता मागं फिरायचं नाही हं. मार्चला येते म्हणालीस. भट्टी मीच सांभाळणार, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही म्हणालीस." तो जरा थांबला. "खरं सांगू का, मी घाबरलो होतो. डॉटनं तुझ्या अंगणात कोणालातरी फीत लावून मोजमापं घेताना पाहिलं म्हणे. म्हटलं, ही चालली. तोंडावर विचारायचा धीर होईना, म्हणून अंधारात विचारलं."

रोवेनानं डोनट घेतला आणि न खाता हातातच धरून ठेवला. ती पुलात त्याच्या मागं होती, चांगली वीस-पंचवीस हात मागं. तिनं तोंडही उघडलं नव्हतं.

की उघडलं होतं? तिची आई शेवटच्या वर्षांत कोणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. खिडकीशी बसून म्हणायची, हो, ठेवलंय तुझं जेवण झाकून. लॉरेलनं घर विकायचा हट्ट धरला त्याच्या मुळाशीही हीच आजी होती. रोवेनानं मनातल्या मनात लांब पुलातली सगळी वाट पुन्हा चालून पाहिली. उन्हाच्या रेघा, घरटी, पाटी, नावं. स्वतःचा आवाज तिला कुठंच सापडेना.

सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. तिनं म्हटलं, "आर्मांड, ऐक ना, मी..." आणि त्यानं मान वर केली. त्याच्या मिशीला साखर लागली होती. एवढा निश्चिंत चेहरा तिनं त्याच्या बायकोच्या आजारपणाच्या आधी पाहिला होता, त्यानंतर कधी नाही.

"काय?"

"साखर लागलीय," ती म्हणाली.

५

शेवटचा पूल चर्चकडे परतताना लागतो. तिथून गाव दिसायला लागतं, डॉटला घराची ओढ लागते, आणि मग कोणाचं कोणाशी बोलणं होत नाही. म्हणजे त्याच्या आधी सांगायला हवं. रोवेना मुद्दाम मागं रेंगाळली. आर्मांड दोनदा थांबला. तिनं दोन्ही वेळा हातानं खूण केली, तू हो पुढं. तिला वाक्य जुळवायचं होतं. घर विकलंय, हे आधी सांगायचं की मार्चला येणार नाही, हे आधी? पुलाच्या अलीकडच्या वळणावर तिचं वाक्य जुळलं. मार्चला मी इथं नसेन, आर्मांड, आणि त्याचं मला फार वाईट वाटतंय. दुसरा भाग ती लॉरेललासुद्धा बोलली नव्हती. तो खरा होता, हे तिला आत्ता, सायकलवर बसल्या बसल्या कळलं. आणि ते कळल्यावर असंही वाटून गेलं की घराच्या विक्रीच्या कागदावर सही व्हायची अजून बाकी आहे. फोन उचलून नाही म्हणता येईल. आयुष्यात एकदा.

तिला एकदम उत्साह आला. तिनं पायडल जोरात मारलं.

तिघं पूल ओलांडून गेले होते. पलीकडून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं; तिच्यासाठीच थांबले होते. रोवेना तोंडाशी आली आणि तिनं घंटी वाजवली.

उत्तर अगदी जवळून आलं. हात पुढं केला असता तर लागला असता, इतक्या जवळून. अंधाराची कड जिथं सुरू होते त्याच्या जरासं आत.

तिला भीती वाटली, पण भीती पोचायच्या आत सवय पोचली. तिनं ब्रेक दाबला, पाय टेकला, सायकल कडेच्या गवतात घेतली आणि म्हणाली, "आधी तुम्ही."

आत कोणीतरी श्वास सोडला. बराच वेळ तिष्ठत उभ्या राहिलेल्या माणसाला आत बोलावल्यावर तो सोडतो, तसा. मग फळ्या खडखडायला लागल्या. रोवेना वाट बघत राहिली. खडखडाट तिच्याकडे येत नव्हता. तो लांब जात होता.

पलीकडून डॉटचा आवाज आला. "आलीस का बाई! आम्हाला वाटलं, तिकडंच बिऱ्हाड केलंस."

"समोरून कोणीतरी येत होतं," रोवेनाचा आवाज म्हणाला. "म्हणून थांबले होते."

"तुझ्यापुढून गाय आली तरी तू थांबशील."

हसणं झालं. मग आर्मांड काहीतरी हळूच म्हणाला, आणि तो आवाज त्याला म्हणाला, "किती वेळा विचारशील? येते म्हटलं ना. मी कुठं जातेय?"

खरं सांगायचं तर रोवेनाला आधी हायसं वाटलं. सुटले, आता सांगावं लागणार नाही. एवढंच मनात आलं, आणि ते मनात आलं याचीच तिला मग सगळ्यात जास्त भीती वाटली.

"आर्मांड!" तिनं हाक मारली. घंटीचा खटका दाबला, पुन्हा पुन्हा दाबला.

"मागं कोणी आहे का गं?" आर्मांडनं विचारलं.

"प्रतिध्वनी," डॉट म्हणाली. "सकाळपासून चाललंय."

६

रोवेना सायकल हातात धरून पुलात शिरली. पळायचं तिच्या मनात होतं, पण डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून ती चालतच गेली. चार पावलांवर तिच्या लक्षात आलं की फळ्या वाजत नाहीयेत. घोडागाडीखाली, ट्रॅक्टरखाली, शाळेतून पळून आलेल्या पोरांच्या बुटांखाली हा पूल आजवर वाजत आला होता. तिनं एक पाय आपटून पाहिला. गवतावर आपटल्याइतकाही आवाज झाला नाही.

लाकूड ओलं असेल. नदीवरच्या लाकडाला ओल येतेच. सकाळी गिरणीच्या पुलावर तिनं अशाच लाकडाला वाळलेलं ठरवलं होतं, हेही तिला आठवलं.

पुलाच्या मध्यावर, भिंतीत, उजेडासाठी ठेवलेली एक चौकोनी मोकळी जागा आहे. तिथून पलीकडचा रस्ता दिसतो. तो कुरणाच्या कडेनं वर चढतो आणि गावाकडे वळतो. रोवेना तिथं थांबली. लाकडाच्या चौकटीवर हात ठेवला. उन्हं कलली होती, मेपलच्या झाडांवर उरलीसुरली पानं तांबूस दिसत होती, आणि लांब कुठंतरी गाईंना दूध काढायला हाकारत होते.

चढावर चौघं चालले होते. पुढं मर्ल, त्याच्यामागं वाकडी वाकडी जाणारी डॉट. त्यांच्यामागं आर्मांड. आणि आर्मांडच्या शेजारी पिवळं जाकीट, पाठीवर चंदेरी पट्टा. मागं नव्हे, शेजारी. इतक्या वर्षांत रोवेना त्याच्या शेजारून कधी गेली नव्हती. त्यानं मान कलती करून काहीतरी म्हटलं आणि शेजारचीनं मान कलती करून ऐकलं. दोघांच्या सायकली इतक्या जवळून चालल्या होत्या की हँडल हँडलला लागेल असं वाटत होतं.

रोवेनानं पुन्हा हाक मारली. आता तिलाच ती नीट ऐकू आली नाही.

वळणाच्या जरा अलीकडे पिवळ्या जाकिटाचा डावा हात हँडलवरून सुटला. मागं न बघता तो खांद्याच्या वर गेला, पंजा क्षणभर उघडा राहिला, आणि मग परत हँडलवर आला. कोणी वाट दिली की हात वर करायचा, एवढी रीत या खोऱ्यात सगळेच पाळतात.